"जेवले की गं" म्हणणाऱ्या आईबाबांच्या ताटात काय वाढायचं

मला कळलं ते आईच्या बांगडीवरून. तिच्या हातात दोन सोन्याच्या बांगड्या असतात, लग्नातल्या, त्या काढायच्या म्हटलं तर साबण लावून हात आवळून काढायला लागायच्या इतक्या घट्ट. मागच्याच्या मागच्या दिवाळीला मिरजेला गेले, ती फळीवरचा डबा काढायला हात वर करते काय आणि दोन्ही बांगड्या सरकन कोपरापर्यंत गेल्या. मी रोज रात्री फोनवर विचारत होते जेवलीस का, ती रोज सांगत होती जेवले की गं, आणि खोटं कुणीच बोलत नव्हतं. दुसऱ्या दिवशी केमिस्टकडच्या काट्यावर उभं केलं, ४४ किलो. वर्षापूर्वीच्या डॉक्टरांच्या कागदावर ४९ लिहिलेलं. म्हणजे वर्षात दहा टक्के माणूस कमी झालं आणि शेजारपाजारचे म्हणतायत बरं झालं हो वजन कमी झालं, गुडघ्यांना आराम.

तेव्हापासून दीड वर्ष यात डोकं घातलंय, दोन डॉक्टर आणि एका आहारतज्ज्ञ बाईंना पिडलंय, त्यातून जे हाती लागलं ते लिहितेय. ज्यांचे आईवडील, सासूसासरे सत्तरीच्या पुढे आहेत आणि लांब राहतात त्यांना जास्त उपयोगी पडेल. एक आधीच सांगते, किडनीचा आजार असेल, हार्ट फेल्युअर असेल, कॅन्सरची ट्रीटमेंट चालू असेल तर खालचं सगळं डॉक्टरांना विचारूनच, कारण तिथली गणितं वेगळी असतात.

आपल्याकडे काय होतं ना, माणूस म्हातारं झालं की घरातले सगळे मिळून त्याच्या ताटातून वस्तू काढायला लागतात. शुगर आली, भात बंद. बीपी आलं, मीठ बंद. कोलेस्टेरॉल आलं, तूप आणि दाणे बंद. युरिक अ‍ॅसिड वाढलं, डाळी बंद. दात गेले म्हणून कोशिंबीर आपोआप बंद. अंडं खाणारी बाई पण उष्ण पडतं म्हणून सोडून देते. मग ताटात उरतं काय तर पोळीचा पापुद्रा, दुधीची भाजी आणि वरणाचं पाणी. आणि वर म्हणायचं, म्हाताऱ्या माणसाला लागतं किती. कॅलरी कमी लागतात हे खरंय, पण प्रोटीन उलट जास्त लागतं, कारण वय झालेलं शरीर तेवढ्याच प्रोटीनमधून तरुण शरीराइतका स्नायू बांधू शकत नाही. म्हणजे घास कमी आणि प्रत्येक घासाकडून अपेक्षा जास्त. सगळी अडचण इथे आहे.

आणि ही माझ्या एकटीच्या आईची गोष्ट नाहीये. २०१७-१८ मध्ये लासी नावाचा देशभराचा सर्व्हे झाला, मुंबईच्या आयआयपीएस संस्थेने केलेला, त्यात साठीच्या पुढच्या साधारण २७ टक्के लोकांचं वजन असायला हवं त्यापेक्षा कमी निघालं. आणि जे जाड दिसतात त्यांचंही काही खरं नसतं, पोट तसंच राहतं आणि मांड्या, दंड झिजत जातात, त्यामुळे काट्यावर कळत नाही.

तर सुरुवात कुठून करायची. शिकवायला जाऊ नका. दोन दिवस नुसतं बघा. मी दोन दिवस आईच्या मागे मागे फिरले आणि वहीत लिहिलं, तिला सांगितलं माझं माझं काहीतरी चाललंय. सकाळी सहाला चहा, दोन मारी बिस्किटं. नऊला परत चहा, दोन बिस्किटं. बाराला दीड पोळी (पोळी म्हणजे फुलकाच, छोटा), दोन चमचे भाजी, मूठभर भात, त्यावर वरण. आता हे वरण मी उभं राहून बघितलं. कुकरमधली डाळ तिने घोटली, मग त्यात फुलपात्रभर पाणी ओतलं, मग बघितलं, मग आणखी अर्धं. खाली डाळ बसलेली, वर पिवळं पाणी, आणि वाढताना डाव वरच्या वर फिरवून वरचंच घेतलेलं. खालचं बसलेलं घट्ट मला वाढलं. पन्नास वर्षांची सवय आहे ती, घट्ट दुसऱ्याला, पातळ आपल्याला. चारला चहा. रात्री वाटीभर दूधभात, कधी नुसतंच दूध आणि "दुपारचं जड झालं".

याचा हिशोब केला तर दिवसाचं प्रोटीन कसंबसं पंचवीस ग्रॅम येत होतं. आणि लागतं किती? निरोगी वयस्कर माणसाला जगभरातले यातले तज्ज्ञ आता दर किलो वजनामागे रोज १ ते १.२ ग्रॅम धरतात, आजारातून उठलेला असेल तर त्याहून थोडं जास्त. आईच्या ४४ किलोला म्हणजे ४४ ते ५३ ग्रॅम. निम्म्यावर चाललं होतं सगळं.

आता हे आकडे तोंडपाठ करून ठेवा, साधारणच आहेत पण कामापुरते पुरतात. एक अंडं ६ ग्रॅम. कपभर दूध ६ ते ७. छोटी वाटी दही ३. पन्नास ग्रॅम पनीर ९. तीस ग्रॅम कोरडी डाळ शिजवून केलेलं घट्ट वरण, मोठी वाटी, ६ ते ७ (त्याच वाटीत पाणी ओतलं की २). दोन मोठे चमचे दाण्याचं कूट ४. मुठीएवढा माशाचा तुकडा, शंभरेक ग्रॅम, १८ ते २०. फुलका ३ सुद्धा नाही. मारी बिस्किट, अर्ध्या ग्रॅमच्या आसपास, म्हणजे धरूच नका.

यानंतर मी जी चूक केली ती तुम्ही करू नका. मी पुण्यात येऊन छान डाएट चार्ट बनवला, ओट्स, क्विनोआ नव्हतं एवढंच नशीब, आणि प्रिंट काढून फ्रिजवर लावायला पाठवला. पुढच्या वेळी गेले तर तो कागद फरसाणाच्या डब्यात घातलेला, तेल टिपायला. बरोबरच आहे, ७९ वर्षांच्या बाईला आपण सांगणार काय खायचं ते? म्हणून नियम असा केला की तिच्या ताटातलं काहीही काढायचं नाही आणि नवीन पदार्थही आणायचा नाही, जे ती खातेच आहे त्याच्या पोटात भर घालायची.

भर कशी घालायची ते सांगते. कणकेत पाचाला एक हरभऱ्याचं किंवा सोयाबीनचं पीठ, गिरणीतूनच मिसळून आणलं तर रोज आठवण ठेवायला लागत नाही, सोयाबीन जास्त झालं तर उग्र वास येतो म्हणून हात राखून, आणि सोयाबीन भाजूनच दळायला द्यायचं. दूधभात खातेय ना, खाऊ दे, त्या दुधात दोन मोठे चमचे दूध पावडर कालवायची, साखर नसलेली साधी, पाचेक ग्रॅम प्रोटीन वाढलं आणि वाटी तेवढीच राहिली. प्रत्येक भाजीत दाण्याचं कूट, खरबरीत नाही, दात नसतील तर मिक्सरला एकदम बारीक. वरणात पाणी घालायचं तर वेगळं वाढायचं, आधी घट्ट काढून ठेवायचं. मी आईला सांगितलं तुला पातळ आवडतं तर आमटी कर, ती वाटीने पी, पण भातावर घट्ट वरण, वर तूप, लिंबू. तूप एक छोटा चमचा म्हणजे ४५ कॅलरी, ज्याचं वजन घसरतंय त्याचं तूप तोडणारे लोक मला खरंच कळत नाहीत.

मऊ भातावर मेतकूट हा आपला जुना शोध आहे, डाळी भाजून दळलेलं पीठच ते, फक्त चिमूटभर नाही तर दोन चमचे घालायचं. कुळथाचं पिठलं, पातळसर, कोकणातल्या लोकांना सांगायलाच नको. ज्वारीच्या पिठाची उकड करायची तर ताकातली करायची, पाण्यातली नाही. अळूच्या फदफद्यात हरभऱ्याची डाळ आणि दाणे आपण घालतोच, ते जरा सढळ हाताने आणि मऊ शिजवून. आणि जे मासे खातात त्यांच्यासाठी तर सगळं सोपंच आहे, काटे काढून द्यायला कुणीतरी पाहिजे एवढंच. माझ्या गोव्याच्या मैत्रिणीचे वडील सकाळी पेज पितात, त्यांना तिने पेजेबरोबर सुक्या बांगड्याची किसमूर सोडायला लावली नाही, डॉक्टरांनी मिठाचं सांगितलं म्हणून सुका बांगडा आधी धुऊन पाण्यात भिजवून ठेवते आणि खोबरं जास्त घालते.

सगळ्यात मोठा फरक पडला तो सकाळच्या खाण्याने. वयस्कर लोकांचं बहुतेक प्रोटीन एकाच जेवणात असतं आणि सकाळ बिस्किटावर जाते, आणि स्नायूंच्या दृष्टीने तिन्ही वेळी थोडं थोडं पोचलेलं बरं. शिवाय भूक सकाळीच असते, संध्याकाळपर्यंत मरते. म्हणून आईचं मोठं जेवण दुपारवरून हलवून सकाळी आणलं. मुगाचं धिरडं ठरलं. अर्धी वाटी मूग रात्री भिजत घालायचे (साधारण ५० ग्रॅम, त्यात १२ ग्रॅम प्रोटीन), सकाळी आलं, जिरं, थोडी कोथिंबीर घालून वाटायचे, पीठ इडलीपेक्षा जरा सैल, त्यात किसलेला दुधी किंवा बारीक चिरलेला पालक. तव्यावर जाडसर घालायचं, डोशासारखं पातळ कुरकुरीत करायचं नाही, कडा टोचतात, आणि झाकण ठेवून वाफेवर होऊ द्यायचं म्हणजे पुरणपोळीसारखं मऊ राहतं. तीन होतात. ती दोन खाते दह्याबरोबर, तिसरं चारच्या चहाला. बिस्किटं मी बंद केलेली नाहीत हां, दोनावर आलीत आपोआप.

दातांबद्दल कुणी बोलत नाही आणि निम्मी उपासमार तिथे असते. आई कवळी जेवताना काढून ठेवत होती! लग्नाला जाताना घालायची आणि जेवताना काढायची, कारण वजन घटलं तसा जबडा बदलला, कवळी सैल झाली, खाली दाणा अडकून टोचायला लागली. मग माणूस काय करतं, चावायला लागणारं सगळं सोडतं, म्हणजे भाकरी, उसळ, कच्चं, मटण, आणि मऊ ते ठेवतं, म्हणजे भात, ब्रेड, बिस्किट, साबुदाणा. कवळी परत बसवून घ्या आधी, मग डाएट. तोपर्यंत उसळ प्रेशर कुकरमध्ये दोन शिट्ट्या जास्त आणि डावाने अर्धी घोटून, भाकरी दुधात किंवा आमटीत कुस्करून काला, सफरचंद वाफवून, पपई आणि केळं तसंच. सगळं मिक्सरमधून काढून लगदा मात्र देऊ नका, बघूनच माणसाची भूक जाते.

इथे एक गोष्ट जरा गंभीर. पाणी पिताना ठसका लागतो, जेवताना मध्येच खोकला येतो, गिळल्यावर आवाज ओलसर घोगरा होतो, असं वारंवार होत असेल तर ते म्हातारपण म्हणून सोडू नका, डॉक्टरांना दाखवा, विशेषतः लकवा किंवा पार्किन्सन झालेला असेल तर. अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो. आणि लोकांना वाटतं घट्ट अडकेल म्हणून पातळ देऊया, पण गिळायला त्रास असणाऱ्याला बरेचदा पाणीच जास्त धोक्याचं असतं, ते पटकन घसरतं. सरळ बसवून, टीव्ही बंद करून, छोटे घास, आणि जेवल्यावर अर्धा तास आडवं करायचं नाही.

चव. सत्तरीनंतर जीभ आणि नाक दोन्ही मंदावतात, त्यामुळे "आज भाजीला काही चवच नाही" ही सुनेवरची टीका नसते, बिचाऱ्यांना खरंच लागत नाही. आणि नेमकं तेव्हाच आपण मीठ काढून घेतो. मीठ दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे सपाट छोटा चमचाभर, ही मर्यादा बरोबर आहे, पण ती स्वयंपाकापुरती पाळा आणि लोणचं, पापड, फरसाण यातलं तोडा, भाजीतलं शून्य करू नका. आंबट आणि वासाचं वाढवा, लिंबू, आमसूल, चिंच, ओवा, जिऱ्याची फोडणी, लसूण, कढीपत्ता. जवसाची किंवा कारळाची चटणी चमचाभर, त्यात चांगलं तेल पण जातं पोटात. बीपीसाठी पाण्याच्या गोळ्या म्हणजे लघवी जास्त करणाऱ्या गोळ्या चालू आहेत आणि घरच्यांनी मीठ पूर्ण बंद केलंय, अशा माणसाचं सोडियम घसरून तो अचानक असंबद्ध बोलायला लागतो, आमच्या गल्लीतच झालंय हे, घरचे देवऋषीपर्यंत जाऊन आले. तसंच ते लो सोडियम मीठ मिळतं ना, त्यात सोडियमऐवजी पोटॅशियम घातलेलं असतं, किडनी कमजोर असेल किंवा टेल्मिसार्टनसारखी बीपीची गोळी चालू असेल तर ते आपल्या मनाने आणू नका.

गोळ्यांचा डबा आणि जेवणाचा डबा एकत्र बघायला पाहिजे, तो कुणी बघत नाही. मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर बी १२ कमी होतं, पँटोप्राझोलसारखी अ‍ॅसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तरी कमी होतं, वयामुळे पोटातलं अ‍ॅसिड घटतं तेव्हाही कमी होतं, आणि शाकाहारी माणसाला ते मुळातच दूधदह्यातून तेवढंच मिळतं. पुण्यात केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी यावर कितीतरी वर्षं काम केलंय, आपल्याकडे बी १२ ची कमतरता किती सर्रास आहे ते त्यातून दिसलं. पायाला मुंग्या, जीभ जळजळणं, तोल जाणं, विसरणं, थकवा, ही सगळी लक्षणं आपण वयाच्या खात्यावर टाकतो. टेस्ट करून घ्या, कमी असेल तर गोळी किंवा इंजेक्शन, याला पालेभाजी खाऊन उपाय नाही. थायरॉईडची गोळी आणि कॅल्शियमची गोळी यांच्यात चार तासांचं अंतर, आई दोन्ही एकदम घेऊन मोकळी व्हायची. लोहाच्या गोळीवर चहा नको, जेवणावरही लगेच नको, तासाभराने प्या. रक्त पातळ करायची अ‍ॅसिट्रोम किंवा वॉरफरिन चालू असेल तर पालेभाजी बंद करायची नाही, पण आठवडाभर काहीच नाही आणि मग तीन दिवस मेथी पालक असंही करायचं नाही, रोज साधारण सारखी ठेवायची. आणि डी व्हिटॅमिनची ६०,००० युनिटची पुडी आठवड्याला एक असते, डॉक्टरांनी सांगितलेले आठवडे झाले की थांबवायची, रोज घेणारे महाभाग मी पाहिलेत, त्याने कॅल्शियम वाढून हॉस्पिटलात जायची वेळ येते.

शुगरवाल्यांचं वेगळं सांगते कारण सगळ्यात जास्त उपाशी हेच असतात. माझा मामा ८१ वर्षांचा, त्याचा एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा) ६.२ आला म्हणून घरात पेढे वाटायचे बाकी होते (शुगरवाल्याच्या घरात पेढे, असो), आणि इकडे त्याला रात्री घाम फुटून थरथर व्हायची. ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेऊन जेवण टाळलं तर शुगर खूप खाली जाते, म्हातारा माणूस रात्री बाथरूमला जाताना पडतो, खुबा मोडतो. बरेच आजार असलेल्या वयस्कर लोकांना डॉक्टर मुद्दाम टार्गेट सैल ठेवतात, ८ पर्यंतसुद्धा चालवतात. तर भात पूर्ण बंद करण्यापेक्षा मूठभर भात, त्यावर भरपूर घट्ट वरण, आधी भाजी, असं करा, आणि जेवण घटलंय हे डॉक्टरांना सांगा म्हणजे ते गोळी घटवतील. आपण जेवण घटवतो आणि गोळी तीच ठेवतो, हा उलटा न्याय.

उपास. आईचे सोमवार, एकादशी, संकष्टी, आणि चातुर्मासात काय काय, मोजले तर महिन्याचे सात आठ दिवस साबुदाणा. साबुदाणा म्हणजे नुसता स्टार्च, त्यातल्या दाण्याच्या कुटामुळे त्याला काय ती किंमत. उपास सोडायला सांगू नका, कुणी ऐकत नाही आणि का ऐकावं. त्याऐवजी भगर आणि दाण्याची आमटी, राजगिऱ्याची भाकरी किंवा शिरा दुधातला, शिंगाड्याच्या पिठाची ताकातली कढी, वाटीभर दही, पनीर चालत असेल तर पनीर. राजगिऱ्यात प्रोटीन तर आहेच, कॅल्शियमही शंभर ग्रॅमला दीडशे मिलिग्रॅमच्या वर आहे. आईने एकादशीला साबुदाणा सोडला नाही पण त्याच्याबरोबर दाण्याची आमटी वाटीभर घ्यायला लागली, मला तेवढं पुरे.

नाचणीवरून आठवलं. नाचणीत कॅल्शियम खूप, शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास, आणि म्हणून सगळे म्हाताऱ्यांना नाचणी सत्व देतात. पण सत्व आपण करतो कसं, भिजवून मोड आणून वाटून फडक्यातून गाळतो आणि चोथा टाकून देतो. आणि नाचणीचं बरंचसं कॅल्शियम त्या सालीतच असतं. म्हणजे माल टाकला आणि पिठूळ पाणी ठेवलं. पचायला हलकं म्हणून आजारपणात ठीक, रोजच्यासाठी मोड आणून, सुकवून, भाजून अख्खी दळा आणि बारीक चाळणीने चाळत बसू नका. तिळाचं म्हणाल तर तीळ, डाळं, दाणे, गूळ असा लाडू जेवढा मऊ वळता येईल तेवढा मऊ.

बाजारातल्या प्रोटीन पावडरचे डबे घ्यावेत का? घरात खाणंच होत नसेल, आजारातून उठलेला माणूस असेल, तर डॉक्टर सांगतात तेव्हा घ्यावेत. एरवी डब्यामागचं बारीक अक्षर वाचा, घटकांत पहिली दोन नावं साखर आणि माल्टोडेक्स्ट्रिन असतील तर तुम्ही महागाची साखर विकत घेताय. आमच्या घरी डाळं, भाजलेले दाणे आणि दूध पावडर समान दळून ठेवतो, वेलची घालून, दोन मोठे चमचे गरम दुधात. दाण्यामुळे चिकट होतं म्हणून थोडं थोडंच दळायचं, पंधरा दिवसांचं, नाहीतर खवट होतं.

पाणी. तहान लागणंच कमी होतं या वयात, आणि त्यात रात्री लघवीला उठायला लागू नये म्हणून लोक दुपारपासूनच पाणी बंद करतात. मग बद्धकोष्ठ, मग इसबगोल, आणि इसबगोल कमी पाण्यात घेतलं की आणखी अडकतं. आईसाठी मी तांब्या ठरवून दिला, लिटरभराचा, तो संध्याकाळी पाचच्या आत संपवायचा, पाचनंतर घोट घोट. ताक, सार, कढण, पेज हे सगळं पाण्यातच धरा. मिरजेचा उन्हाळा बरा, पण नागपूर अकोल्याकडे मे महिन्यात म्हातारं माणूस एकाएकी गोंधळल्यासारखं करायला लागलं तर आधी पाणी किती प्यायलंय ते विचारा आणि डॉक्टर गाठा. हार्ट आणि किडनीच्या पेशंटना पाणी मोजून असतं, त्यांनी हा तांब्या करू नये. किडनीवाल्यांना प्रोटीनही मोजून असतं, आणि डायलिसिस सुरू झालं की उलट वाढवायला सांगतात, त्यामुळे शेजाऱ्याचा चार्ट उचलू नका.

आता जे परदेशात नाहीतर पुण्यामुंबईत बसून आईवडिलांना डबा लावून देतात, त्यांच्यासाठी. मीही लावला होता दोन महिने. डबा यायचा, पैसे जायचे, मला समाधान. एकदा व्हिडिओ कॉलवर म्हटलं दाखव बरं, तर भाजीवर तेलाचा बोटभर थर, आमटी म्हणजे तिखट पाणी, आणि चार पोळ्या, त्यातल्या तीन गायीला. डबा लावायला हरकत नाही, पण डाळ स्वतःची शिजवा, दही, अंडं, दूध घरचं, डब्यातून फक्त पोळीभाजी. आणि जेवलीस का हा प्रश्नच बंद करा, त्याचं उत्तर कायम हो असतं. काय जेवलीस विचारा. त्याहून बरं म्हणजे तुम्हीपण तेव्हाच जेवायला बसा आणि फोन समोर ठेवा. एकट्या माणसाला स्वयंपाक करायचा कंटाळा नसतो हो, एकट्याने ताट वाढून घ्यायचा असतो. बाबा गेल्यावर आईने ताटच काढलं नव्हतं, पातेल्यातच भात कालवून ओट्याशी उभ्याने खात होती, हे मला शेजारच्या काकूंनी सांगितलं. आता दर मंगळवारी शुक्रवारी त्या दोघी एकत्र जेवतात, एकीची भाजी एकीची आमटी, आणि त्या दोन दिवशी आई अर्धी भाकरी जास्त खाते, मी मोजलंय. जेवण अचानक सुटलं, कशातच मन नाही, झोप नाही, असं असेल तर ते डिप्रेशनही असू शकतं आणि त्यावर औषध असतं.

नुसतं खाऊन स्नायू येत नाहीत, त्यांना काम लागतं. हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठायचं बसायचं, आधी पाच वेळा, मग दहा, शेजारी भिंत किंवा माणूस ठेवून. हीच टेस्ट पण आहे, पाच वेळा उठबस करायला १२ सेकंदांपेक्षा जास्त लागत असतील तर पायातली ताकद कमी झालीय समजा. दुसरी टेस्ट टेपने, पोटरीचा सगळ्यात जाड भाग मोजा, ३१ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर डॉक्टरांशी बोला, जगभर वापरतात हे माप. आणि तीन महिन्यांत ३ किलोपेक्षा जास्त वजन न सांगता गेलं तर आहारात सुधारणा वगैरे नंतर, आधी तपासण्या, हिमोग्लोबिन, थायरॉईड, शुगर, किडनीसाठी क्रिएटिनिन, आणि डॉक्टर सांगतील ते, कारण त्यामागे दुसरंच काहीतरी असू शकतं.

वजनाचा काटा साधा घरी आणून ठेवा. आईचा देवघराच्या बाहेर आहे, महिन्याच्या एक तारखेला आंघोळ झाली की चढायचं, चहाच्या आधी, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या चौकोनात आकडा लिहायचा, दूधवाल्याच्या हिशोबाच्या बाजूला. डिसेंबरला ४४.३ होतं, मार्चला ४५.१, जूनमध्ये ताप येऊन गेला तेव्हा परत ४४.६, आणि या महिन्यात ४७.२. पहिल्या आकड्याखाली तिने पेन्सिलने लिहिलंय "काटा नवा आहे, बघू".

बांगड्या मनगटाच्या चार बोटं वर जाऊन थांबतात आता.